गणपतीच्या मांडवाचे इलेक्ट्रॉन व्होल्ट

मला कुठलंही मूल द्या आणि कुठलाही विषय द्या. अर्ध्या तासात ते मूल तो विषय उलट मलाच समजावून सांगेल! कलकत्त्याच्या शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी, तेव्हा एवढं म्हणायचा हक्क मला आहे. आमची सरला मात्र म्हणते, "मुलांना तुम्ही शिकवता ते ठीक आहे हो. तुम्ही मोठ्या माणसांना समजवायला निघालात की मी देवापुढं दिवा लावते." तिच्या या बोलण्याकडे मी १९७४ च्या सप्टेंबरपर्यंत मुळीच लक्ष दिलं नव्हतं.

आम्ही डमडमच्या वसाहतीत राहत होतो. तिथं आठ मराठी घरं. माझा जन्मच कलकत्त्याचा. बाकीचे सगळे बदलीवर आलेले. कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, कुणी टपाल खात्यात. तीन वर्षं राहायचे आणि सामान बांधायचे. त्यामुळे दर तीन वर्षांनी मला नवी कोरी मुलं मिळायची! रोज संध्याकाळी पाच ते सहा आमच्या व्हरांड्यात त्यांचा वर्ग. समोर मुडीची परात, म्हणजे आपले मुरमुरे, आणि मध्ये मी.

त्या वर्षी सॉल्ट लेकमध्ये अणूचे कण पळवायचं एक मोठं यंत्र उभं राहत होतं. गावभर त्याची चर्चा. साहजिकच मुलांनी विचारलं, "आजोबा, ते कण किती जोरात पळणार?"

अशा प्रश्नाची मी वाटच पाहत असतो. मी बॅटरीतला एक सेल काढला.

"हा दीड व्होल्टचा. एक व्होल्टचा सेल असता, आणि एका इलेक्ट्रॉननं त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडी मारली असती, तर त्याला जी ऊर्जा मिळाली असती ती एक इलेक्ट्रॉन व्होल्ट. अशा हजार उड्या म्हणजे एक किलो. दहा लाख म्हणजे एक मेगा. शंभर कोटी म्हणजे एक गिगा!"

"ओ बाबा!" आठ वर्षांची वृंदा म्हणाली. "मग तर यंत्र फुटेल!"

"अजिबात नाही. आपल्या डमडमचा एक डास उडतो ना, त्याच्या उडण्यात साधारण एक लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात."

 मुलांनी डासांकडे एका वेगळ्याच आदरानं पाहिलं.

"इतकं लहान माप कशाला मग?" हेमानं विचारलं. हेमा अकरा वर्षांची, आमच्या गणेशोत्सवाचे चिटणीस प्रमोद यांची मुलगी. वर्गातली माझी सगळ्यात पक्की विद्यार्थिनी. शंका आली की खालचा ओठ दातात धरून बसायची.

"कण लहान, म्हणून माप लहान. तांदूळ मोजायला ट्रक वापरतात का? आणि लक्षात ठेवा, आकडा लिहिला की पुढं एकक लिहायचंच. एकक नसलेला आकडा म्हणजे सदरा न घालता रस्त्यावर आलेला माणूस!"

हे वाक्य मुलांना फार आवडलं. मलाही आवडलं होतं. पुढचा सगळा घोळ या वाक्यानं केला.

त्यातच गणेशोत्सव जवळ आला. मुलांनी ठरवलं की यंदा यंत्राचंच नाटक करायचं. हेमानंच लिहिलं. मैदानात चुन्याचं मोठं वर्तुळ आखायचं, त्याच्या कडेनं पन्नास दिव्यांची माळ. हेमा प्रोटॉन! ती पळणार, प्रत्येक फेरीत तिची ऊर्जा एक लाख इलेक्ट्रॉन व्होल्टनं वाढणार, आणि दहाव्या फेरीला, म्हणजे एक मेगा झाल्यावर, ती लक्ष्यावर आदळणार. चौथ्या फेरीपर्यंत तालीम झाली होती तेव्हा प्रमोदच्या हातात बदलीचा हुकूम आला. कानपूर! उत्सव संपला की आठ दिवसांत निघायचं.

हेमा रडली वगैरे नाही. फक्त मला म्हणाली, "आजोबा, माझं हे एक नाटक नीट झालं पाहिजे. दिव्यांसकट."

"झालंच म्हणून समज!" मी म्हणालो.

मांडवासाठी विजेची तात्पुरती जोडणी लागते. तिचा अर्ज तीन प्रतींत, कार्बन घालून. तेच मी गणित म्हणून वर्गात घातलं. साठ वॅटचे पन्नास दिवे. दर सेकंदाला किती इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतील? हेमानं पाटीवर उत्तर काढलं: १८७२, आणि पुढं शून्यांची रांग. मी चष्मा वर करून शून्यं मोजली.

"एकोणीस आहेत. अठरा हवीत. एक जास्त झालंय."

"एकोणीसच येतात, आजोबा."

"बाळ, मी शून्यं मोजतोय ती तुझ्या बाबांच्या जन्माच्या आधीपासून!" असं म्हणून मी प्रेमानं एक शून्य पुसलं. हेमानं ओठ दातात धरला.

अर्ज भरायचं काम प्रमोदनं हेमाकडेच दिलं होतं, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं. दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र वाचत असताना ती दारातून म्हणाली, "आजोबा, लागणारी एकूण वीज, असा रकाना आहे. खाली लिहिलंय, एकक नमूद करावे. कुठलं लिहू?"

"जे शिकलीस ते!" मी पान न उलटता म्हणालो.

तिनं तेच लिहिलं. रकाना चार आकड्यांपुरता. बावीस आकडे तो ओलांडून, 'फक्त कचेरीच्या उपयोगासाठी' असं छापलेल्या चौकटीतून आडवे निघून, पार समासापर्यंत गेले. त्यापुढं उभ्या अक्षरांत 'इलेक्ट्रॉन व्होल्ट, दर सेकंदास'. मग, बँकेतल्या साहेबाची मुलगी असल्यामुळे, तिनं सहीच्या जागी पेन्सिलीनं बारीकशी फुली मारली. आणि प्रमोद हा असा साहेब की फुली दिसली की त्याचा हात आपोआप सही करतो! त्यानं तिन्ही प्रतींवर सही ठोकली, वरचं एक अक्षर न वाचता.

त्या दिवसांत कलकत्त्यात रोज तीन-चार तास वीज जायची. पंखा फिरतोय हे पाहून माणसं एकमेकांचं अभिनंदन करायची. अशा काळात वीज कचेरीच्या टेबलावर बावीस आकड्यांची मागणी येऊन पडली!

चार दिवसांनी छत्री आणि फाइल घेऊन हाजराबाबू नावाचे तपासनीस मैदानात हजर झाले. मी घरी दाढी करत होतो. प्रमोद बँकेत. मैदानात फक्त मुलं आणि चुन्याचं वर्तुळ.

"खुकी," त्यांनी वृंदाला विचारलं, "इथं काय बनतंय?"

"यंत्र!" वृंदा म्हणाली.

"कसलं?"

"कण फोडायचं."

हाजराबाबूंनी छत्री मिटली. "कोण फोडणार?"

"हेमाताई. ती दहा फेऱ्या मारते आणि एक मेगा होते. मग धडाम!"

"आणि हे कुणी शिकवलं?"

"मास्तरआजोबांनी. ते म्हणतात, यंत्र फुटणार नाही. आणि एका डासात लाख कोटी असतात."

अर्ध्या चेहऱ्याला साबण लावून मी धावत पोचलो तोवर हाजराबाबू कोपऱ्यावरच्या रिक्षात बसलेसुद्धा होते. रिक्षा वळताना त्यांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं. फेस आलेल्या तोंडानं हातात वस्तरा घेऊन धावत येणारा म्हातारा हाही त्यांच्या अहवालात गेला असणार.

दोन दिवसांनी चिठ्ठी आली. चिटणिसांनी सोमवारी सकाळी कचेरीत समक्ष येऊन खुलासा करावा.

प्रमोदनं कार्बनची प्रत पहिल्यांदाच वाचली. "मास्तर, हे काय आहे?"

"बरोबर आहे ते," मी म्हणालो. "फक्त त्यांना समजवावं लागेल."

"मी समजावतो. तुम्ही येऊ नका."

"तू? तुला इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे काय ते सांगता येईल?"

प्रमोदनं प्रत घडी करून खिशात घातली. सरलानं आतून फक्त "अरे देवा!" एवढं म्हटलं.

सोमवारी आम्ही दोघं गेलो. दुसऱ्या दिवशी विश्वकर्मा पूजा. कलकत्त्यात त्या दिवशी कारागीर आपल्या हत्यारांची पूजा करतात, त्यांना हात लावत नाहीत. कचेरीत मूर्ती येऊन बसली होती. पकडी, पाने, शिड्या धुऊन ओळीनं मांडल्या होत्या. आणि या सगळ्यांच्या मागं, कचेरीतले मुख्य, बडोबाबू. पांढरं धोतर, सोनेरी काड्यांचा चष्मा, समोर आमचा अर्ज.

"मास्टरमोशाय," ते हिंदीत, पण बंगाली गोडव्यानं म्हणाले, "एवढी वीज अख्ख्या पृथ्वीवर नाही. तुम्हाला पाच दिवसांच्या गणपतीला कशाला हवी?"

बस! शिक्षकाला आणखी काय लागतं? मी खिशातून सेल काढला. इलेक्ट्रॉनची उडी सांगितली. किलो, मेगा, गिगा सांगितलं. कारकून टेबलं सोडून भोवती जमले. तेवढ्यात बडोबाबूंनी आपल्या मनगटावर फटका मारून एक डास मारला.

"पाहिलंत?" मी ओरडलो. "आत्ता तुम्ही एक लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट थांबवलेत!"

"की कांडो! काय हा प्रकार!" बडोबाबू स्वतःच्या हाताकडे पाहू लागले.

"आता तुमच्या मापात किती ते पाहा." मी एक जुनी फाइल पालथी घातली आणि तिच्या पाठीवर भागाकार मांडला. एक वॅट म्हणजे दर सेकंदाला ६२४ वर सोळा शून्यं. अर्जावरचा आकडा वर. शून्याला शून्य कापत निघालो. एकेक शून्य कापलं गेलं की कारकून "गेलं!" म्हणून ओरडत होते. असा वर्ग मला चौतीस वर्षांत मिळाला नव्हता! शेवटी खाली राहिले तीन आकडे.

"तीनशे! फक्त तीनशे वॅट!" मी खडूसारखं पेन उंचावलं. "एवढ्याला घाबरलात?"

हाजराबाबूंसकट सगळी कचेरी हसली. बडोबाबूंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी तिथंच लाल शाईनं 'तीनशे वॅट मंजूर' असं लिहिलं, शिक्का मारला, आम्हाला मिष्टी खिलवली आणि म्हणाले, "परवा माणूस येऊन जोडणी करेल. आणि शनिवारी मुलांचं नाटक बघायला मी स्वतः येतो. मी येणार म्हटल्यावर त्या वेळात तुमच्याकडची लाइट जात नाही!"

बसमध्ये प्रमोद म्हणाला, "मास्तर, मानलं तुम्हाला." डमडम येईपर्यंत मी त्याला गिगाच्या पुढचं सांगत होतो.

व्हरांड्यात मुलं वाट बघत होती. मी मंजुरीचा कागद फडकावला. हेमानं तो हातात घेतला, वाचला आणि ओठ दातात धरला.

"आजोबा, साठ वॅटचे पन्नास दिवे म्हणजे किती?"

"तीन..." मी म्हणालो, आणि माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

"तीन हजार," हेमा म्हणाली. "तीनशेत पाच दिवे लागतात."

 वृंदानं मुडीची परात हळूच माझ्यापुढं सरकवली. आजारी माणसाला देतात तशी.

ते पुसलेलं शून्य मला आठवलं. तिलाही आठवलं असणार, पण ती ते बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी तसाच उलट्या पावली कचेरीत गेलो. बडोबाबू हळहळले, पण म्हणाले, "मास्टरमोशाय, शिक्का पडला. वाढीव विजेसाठी नवा अर्ज, तीन प्रती, पंधरा दिवस. आणि उद्या तर पकडीलासुद्धा हात लावायचा नाही."

पंधरा दिवसांनी हेमा कानपूरला असणार होती.

विश्वकर्मा पूजेच्या सकाळी आकाश पतंगांनी भरलं होतं. मुलं गच्चीवर. हेमा एकटी मैदानात, वर्तुळाच्या कडेनं चालत होती. मी जवळ गेलो. माफी मागायचं मनात होतं. पण शिक्षकाला माफी मागायची सवय नसते, त्यामुळे मी घसा खाकरला.

"हेमा..."

"आजोबा," ती थांबून म्हणाली, "मी पळते तेव्हा एका वेळी एकाच जागी असते ना?"

"हो. म्हणजे... हो."

"मग मी नाही तिथले दिवे कशाला लागायला हवेत?"

मी खाकरायचं विसरलो.

"पाच-पाच दिव्यांचे दहा गट करायचे," ती म्हणाली. "दहा बटणं. मी जिथं असेन तेवढेच पाच लावायचे, मागचे विझवायचे. उजेड माझ्याबरोबर पळेल!"

आणि खरंच, खऱ्या यंत्रातही धक्का द्यायचा असतो तो कण तिथं पोचेल त्याच क्षणी. हे मी शिकवलंच नव्हतं!

बुधवारी वीज कचेरीचा माणूस येऊन जोडणी करून गेला. तीनशे वॅटला पुरेल एवढाच बारीक फ्यूज घातला, वर लाखेची मोहोर. मांडव घालणाऱ्याच्या मिस्त्रीनं दहा बटणांची फळी करून दिली. बटणांवर वृंदा. पहिल्या तालमीत तिचा हात मागं पडला, हेमा अंधारात आणि उजेड भलतीकडेच! तिसऱ्या दिवशी मात्र दोघींचं असं जमलं की उजेड हेमाच्या परकराला बांधलाय असं वाटावं. मी मदत करतो म्हणालो, तर वृंदा म्हणाली, "नको आजोबा. तुम्ही मोजायला लागाल."

शनिवारी साडेसहाला मैदान भरलं. आठ मराठी घरं आणि सगळी बंगाली वसाहत. बडोबाबू सहकुटुंब पहिल्या रांगेत, शेजारी हाजराबाबू. त्यांनी छत्री खुर्चीच्या हाताला अडकवली होती. नाटक सुरू झालं. अंधारात चुन्याचं वर्तुळ, आणि त्याच्या कडेनं पाच दिव्यांचा उजेड हेमाला घेऊन पळतोय! कडेला बसलेली मुलं ओरडत होती, "एक लाख! दोन लाख!" लोक मोजू लागले. बंगाली बायकासुद्धा मराठीत मोजत होत्या.

मला भरून आलं. आणि भरून आलं की मला पाहुणचार सुचतो. बडोबाबूंना गरम चहा द्यायलाच हवा! घरी रॉकेल संपलेलं, सरला पहिल्या रांगेत बसलेली. मी घरून विजेची शेगडी आणली, मांडवाच्या पडद्यामागं मुख्य फळीला एक मोकळं प्लग होतं ना, त्यात लावली, वर आधण ठेवलं. शेगडी तशी लहानच. हजार वॅटची.

बाहेर "आठ लाख!" झालं. पाण्यातून नुकतीच वाफ निघू लागली होती. "नऊ लाख!" फ्यूजनं एवढा वेळ कसा धीर धरला देव जाणे. हेमा शेवटच्या फेरीत लक्ष्याच्या दोन पावलं अलीकडे होती.

फट्!

काळोख. सगळा.

माझ्या काळजाचं पाणी झालं. ते मात्र लगेच उकळलं. मुलीचं शेवटचं नाटक, आणि मी...

तेवढ्यात काळोखातून हेमाचा खणखणीत आवाज आला, "एक मेगा! धडाम! प्रोटॉन आदळला! सगळी ऊर्जा संपली, तिचे नवे कण झाले! पळा रे!"

मुलांना इशारा पुरला. सगळी किंचाळत दाही दिशांना सुटली. कुणी लोकांच्या मांडीवर, कुणी हाजराबाबूंच्या छत्रीवर. आणि मग असा टाळ्यांचा कडकडाट झाला की वसाहतीतली कुत्री भुंकायला लागली!

"अपूर्व!" बडोबाबूंचा आवाज. "काय शेवट! अपूर्व!"

कंदील आले. हेमा धापा टाकत उभी होती, चुन्यानं पाय पांढरे, आणि लोक तिला उचलून घेत होते. प्रमोद सगळ्यांना सांगत होता, "माझी मुलगी. हो, तिनंच लिहिलंय." मी पडद्यामागं हळूच शेगडीची पिन काढली, शेगडी प्रसादाच्या डब्यांमागं ढकलली, होतं त्याच आधणात पत्ती टाकली आणि तोंडावर हसू आणून चहाचा कप घेऊन बाहेर आलो.

बडोबाबू मला म्हणाले, "मास्टरमोशाय, बरोबर त्या क्षणी फ्यूज उडवायचा हिशेब कसा केलात?"

"असतो एक अंदाज," मी म्हणालो.

हेमानं माझ्याकडे पाहिलं. तिनं ओठ दातात धरला होता, पण या वेळी हसू दाबायला.

बडोबाबूंनी चहाचा घोट घेतला. थांबले. कपात पाहिलं. चहा कोमट होता, आणि पत्ती वर तरंगत होती. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं, त्याच्याखालून डोकावणाऱ्या वायरीकडे पाहिलं. माणूस तीस वर्षं वीज कचेरीत होता.

त्यांनी उरलेला चहा शांतपणे संपवला, कप माझ्या हातात दिला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले,

"मास्टरमोशाय, पुढच्या वर्षी अर्जात चहासुद्धा लिहा. किलोवॅटमध्ये."